बाटलीवर आहे तेच बाटलीत

सोमवार, ३ फेब्रुवारी

चाळीस पेपर तपासले. चाळिसांतल्या एकतीस जणांनी HNO₃ चं नाव 'हायड्रोनायट्रिक ॲसिड' असं लिहिलंय. एकतीस! दोन आठवडे घसा कोरडा केला — आम्लाचं नाव देण्याआधी सूत्रात ऑक्सिजन आहे का बघा. नसेल तरच सुरुवातीला 'हायड्रो'. असेल तर 'हायड्रो' नाही म्हणजे नाही. इतकं साधं.

कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. मधली भिंत पातळ आहे. शेजारच्या तुकडीत टायवाले सर टाळ्या वाजवून रसायनशास्त्र शिकवतात. ॲसिडांचं गाणं केलंय त्यांनी, आणि दर ओळीला 'हायड्रो' येतं. माझी मुलं माझ्यासमोर हाताची घडी घालून बसतात आणि पाय त्या गाण्यावर हलवतात.

शिक्षकखोलीत विचारलं. म्हणे, "बाई, गाण्यानं लक्षात राहतं."

म्हटलं, "राहतं ना. चुकीचं तर अगदी पक्कं राहतं."

हसले. चिडले असते तर बरं वाटलं असतं. चार महिने झाले नाहीत शाळेत येऊन, एका वर्षाच्या बोलीवर आहेत, आणि हसतात. उकाड्यातही टाय लावतात म्हणून मुलांनी ते नाव पाडलं. मुलांची बाकी अक्कल गहाण पडली असली तरी नावं पाडण्यात त्यांचा हात धरणार नाही कोणी.

पेपर वाटल्यावर नववीतली 'वकील' टेबलापाशी आली. येणारच. "बाई, मी 'हायड्रो' जास्तीचं लिहिलंय, काही गाळलं तर नाही. अर्धा गुण तरी द्या."

अर्धा गुण मी कोणाला दिलेला नाही. नाव बरोबर असतं किंवा चूक असतं.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

यांनी चहा घेताना ही वही पाहिली. म्हणाले, "पोरांच्या वह्यांवर नाव नसलं की फेकून देतेस. हिच्यावर कुठं आहे?" ही कोणाची आहे ते मला ठाऊक आहे, म्हटलं. यांचं डोकं पुन्हा वर्तमानपत्रातल्या शब्दकोड्यात.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

उद्या नववीची नावांची चाचणी. बारा बाटल्या, बारा सूत्रं, मुलांनी फक्त नावं लिहायची. सात आम्लं, पाच आम्लारी. जुन्या चिठ्ठ्या पिवळ्या पडल्या होत्या, त्या काल घरी बसून नव्या लिहिल्या. काळी शाई, ठळक अक्षर, खालचे आकडे खालीच. चिकटवून, नव्या बाटल्यांसकट टायवाल्यांच्या हवाली केल्या. एरवी हे काम प्रयोगशाळेतल्या मावशी करतात, पण लेकीच्या बाळंतपणासाठी दोन दिवस रजेवर आहेत. माझ्याकडे आठवीचे पेपर पडलेले.

दहा मिनिटांत गृहस्थ परत. "बाई, यांत नक्की काय भरायचं?"

नक्की काय भरायचं! रसायनशास्त्राची पदवी आहे म्हणे. सूत्र समोर लिहिलंय आणि विचारतोय काय भरायचं. चार शिक्षक बसले होते, त्यांच्यादेखत म्हटलं, "प्रयोगशाळेच्या भिंतीवर पाटी आहे ती वाचा. बाटलीवर आहे तेच बाटलीत." ती पाटी मी नोकरीच्या पहिल्या वर्षी रंगवून घेतली आहे. त्यानंतर तीन मुख्याध्यापक बदलले, पाटी आहे तिथेच आहे.

कान लाल करून गेले. बरं झालं. एकदा तरी गाण्याशिवाय काहीतरी लक्षात राहील.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

चाचणी झाली. हात पाठीमागे बांधून एकेकानं टेबलाभोवती फिरायचं, बाटलीला बोट लावायचं नाही, हा माझा नियम. कोणी लावलं नाही. हायड्रोजन सल्फाइडच्या द्रावणाला पाच जणांनी 'सल्फ्युरिक' करून टाकलं. कॅल्शियम हायड्रॉक्साइड मात्र सगळ्यांना आलं. आम्लारींना गाणं नाही, म्हणून असेल.

मावशी दुपारी हजर झाल्या. नात झाली. फोनमधला फोटो मुख्याध्यापकांपासून पाणी भरणाऱ्यापर्यंत सगळ्यांना दाखवून झाला. मला दोनदा. "बाई, कपाळ बघा, तुमच्यासारखंच आठ्यांचं." बाळाला एक दिवस झाला नाही आणि आठ्या म्हणे.

शनिवार, ८ फेब्रुवारी

रात्रीचे बारा वाजलेत. तरी लिहिते.

सकाळी साडेआठ. मावशी चाचणीच्या बाटल्या रिकाम्या करत होत्या. दोन-दोन बुचं काढायची आणि सगळं एका बादलीत ओतायचं, ही त्यांची पद्धत. त्या पाण्यानं त्या प्रयोगशाळेची फरशी पुसतात. पाणी फुकट घालवलेलं त्यांना आवडत नाही.

पाणी! चाचणीच्या बाटल्यांत पाणी असतं. एकोणतीस वर्षं असतं. माझ्या तिसऱ्या वर्षी एका पोरानं चाचणीची बाटली पायावर पाडली. बूट होता म्हणून निभावलं. त्या दिवसापासून मी ठरवलं, मुलांना फक्त सूत्र वाचायचंय, तर आत नळाचं पाणी का नको? मावशी भरतात, मावशीच ओततात. एकदा तर त्यांनी सगळ्या शिक्षकांसमोर नायट्रिक ॲसिडच्या बाटलीतून तोंड धुतलं होतं. मराठीच्या बाई मटकन खाली बसल्या. बाटलीत काय होतं ते कोणाला सांगितलं नाही, आम्ही दोघी आठवडाभर हसत होतो.

आज बादलीत आधी सोडियम हायड्रॉक्साइड गेलं. खरं. त्यावर सल्फ्युरिक ॲसिड. खरं, आणि पाणी न घातलेलं.

मी व्हरांड्यात होते. तापलेल्या तव्यावर पाणी पडल्यासारखा आवाज आला, मग मावशींचा. आत धावले तर मावशी चेहरा धरून खाली बसलेल्या आणि टायवाले आधीच पोचलेले. त्यांचा वर्ग शेजारी. मावशींना उचलून नळाखाली नेलं, मान वाकडी केली, दोन बोटांनी पापणी उघडून धरली. मी पुढे झाले तर म्हणाले, "बाई, मधे येऊ नका. रुग्णवाहिका बोलवा." मला!

वीस मिनिटं पाण्याची धार सोडली नाही त्यांनी. शर्टाच्या बाहीला भोकं पडली.

गाडी गेल्यावर विचारलं, "काय भरलं होतंत तुम्ही?"

"लिहिलं होतं ते."

चाचणीच्या बाटलीत खरं सल्फ्युरिक! कोणी मूल धक्का लागून पडलं असतं तर? एवढी अक्कल नाही? आणि मी सांगितलं होतं. पाणी भरा म्हणून सांगितलंच होतं. शिक्षकखोलीत, चार जणांसमोर.

रविवार, ९ फेब्रुवारी

रुग्णालयात गेले. हे बरोबर आले, बाहेरच्या बाकावर बसले.

मावशींच्या डाव्या डोळ्यावर पट्टी, उजवा हात कोपरापर्यंत गुंडाळलेला. डॉक्टरीण बाई म्हणाल्या, डोळ्याचं चार-पाच दिवसांनी सांगता येईल. उशिरा धुतला असता तर आजच सांगता आलं असतं.

मावशी उठून बसायला लागल्या. दटावलं. म्हणाल्या, "बाई, मीच येडी. निदान हुंगून तरी बघायचं."

"तुमची काय चूक यात?"

"चूक नाही कशी? इतकी वर्षं त्या बाटल्या हाताळते, वर काय लिहिलंय ते एकदा नाही बघितलं. तुम्ही म्हणालात पाणी, मी पाणी धरून चालले."

म्हटलं, त्या टायवाल्याला मी सोडणार नाही.

"त्याला नका बोलू हो. काल संध्याकाळभर इथं बसला होता. आमच्या बाळीला अंगाईसारखं ते ॲसिडाचं गाणं म्हणून दाखवलं फोनवर. झोपली म्हणे ती."

अपराधी माणसाची झोप उडायला हवी, तर हा दुसऱ्याच्या नाती झोपवतोय.

सोमवार, १० फेब्रुवारी

मुख्याध्यापकांनी दोघांना समोरासमोर बसवलं. चौकशी होणार. शुक्रवारी संस्थेचे सचिव येणार. ज्याची चूक ठरेल त्याच्यावर कारवाई. टायवाल्यांची नेमणूक एका वर्षाची, त्यामुळे त्यांच्या बाबतीत कारवाई म्हणजे घरी. वर शेरा. तसला शेरा घेऊन दुसरी शाळा दारात उभं करणार नाही.

मला लेखी मागितलं. तिथेच बसून लिहिलं. 'सदर शिक्षकांना चाचणीच्या बाटल्यांत केवळ पाणी भरावे अशी स्पष्ट सूचना मी दिली होती.' सही. खाली तारीख.

टायवाल्यांनी वाचलं. कागद खाली ठेवला. म्हणाले, "मी बाईंना विचारलं होतं." बास, एवढंच.

"काय विचारलं होतंत?"

"काय भरायचं ते."

"आणि मी काय सांगितलं?"

माझ्याकडे बघत राहिले. उत्तर असतं तर दिलं असतं ना! खोटं बोलायला निघाला आणि अर्ध्यावर धीर सुटला.

बत्तीस वर्षं नोकरी केली. माझ्या शब्दावर कोणी असं बघत राहिलेलं नाही.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

जेवताना यांना सगळं पुन्हा सांगितलं. हे तीस वर्षं दवाखान्यात कंपाउंडर. औषधं यांनीच भरायची. भातावर आमटी ओतून घेतली. मग म्हणाले, "आमच्याकडे पाण्याच्या बाटलीवरसुद्धा 'पाणी' लिहायचो."

"दवाखाना वेगळा आणि शाळा वेगळी."

"असेल."

हे 'असेल' मला लग्नापासून माहीत आहे. ताट उचलून निघून आले.

बुधवार, १२ फेब्रुवारी

नववीचा तास, प्रयोगशाळेत. शिकवायला घेतलं परक्लोरिक, क्लोरिक, क्लोरस. कोणाचं लक्ष नाही. माना खाली घालून कुजबुज.

"काय आहे ते मोठ्यानं बोला," म्हटलं.

वकील उभी राहिली. दुसरं कोण. "बाई, मावशींना लागलं त्या बाटलीवर नाव बरोबर होतं ना?"

"सूत्र होतं. बरोबर होतं."

"आणि आत पण तेच होतं?"

"हो."

"मग चूक कुठली, बाई?"

हसायला म्हणून विचारलं नव्हतं तिनं. म्हणूनच जास्त राग आला. बाकावर उभी राहा म्हटलं. राहिली. तास संपेपर्यंत माझ्या डोक्यावरून मागच्या भिंतीकडे बघत होती. तिथे पाटी आहे.

चाचणीतल्या बाटल्या वेगळ्या असतात हे हिला कोण सांगणार? कोणालाच कधी सांगितलेलं नाही. सांगायचं नव्हतंच. पाणी आहे कळलं तर पोरं बाटल्यांशी खेळतील. मावशींना ठाऊक, मला ठाऊक. आणि टायवाल्यांना मी सांगितलं होतं.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

मावशींच्या लेकीचा फोन. पट्टी काढली. डावा डोळा राहील, पण नजर धूसर. सुई ओवता येणार नाही, पायरी चुकेल. हाताच्या दोन बोटांना जाणीव नाही.

"सर रोज येतात," लेक म्हणाली. "आज आईला जिना उतरायला शिकवत होते. एक डोळा झाकून स्वतः आधी उतरून दाखवला."

फोन ठेवला आणि स्वयंपाकघरातली सगळी भांडी काढून घासली. घासलेलीच होती.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

चौकशी झाली. मुख्याध्यापकांची खोली. लांब टेबल, मधोमध सचिव, हातात माझा कागद. आधी माझी बत्तीस वर्षं वाचून दाखवली. मग टायवाल्यांचे चार महिने. त्याला वेळ लागला नाही.

त्यांना विचारलं, "पाणी भरायची सूचना तुम्हाला मिळाली होती?"

"नाही, सर."

"म्हणजे बाई खोटं बोलतात?"

"बाई खोटं बोलत नाहीत, सर. त्यांना तसं आठवत असेल."

माझं डोकं फुटायची वेळ आली. माझी स्मरणशक्ती काढतो! पन्नास मूलद्रव्यांचे अणुभार मला आजही पाठ आहेत. सचिवांसमोर म्हटलं, "मला काय आठवतं ते मला शिकवू नका. तुम्ही टाळ्या वाजवा." मुख्याध्यापकांनी पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला.

शिक्षकखोलीतल्या चौघांना विचारलं होतं सचिवांनी. मी टायवाल्यांना झापलं हे चौघांच्याही लक्षात आहे, काय म्हणून झापलं ते एकाच्याही नाही. मराठीच्या बाई म्हणाल्या, "त्या रोजच कोणाला ना कोणाला ओरडतात, किती लक्षात ठेवणार?"

सचिव शेवटी म्हणाले, "बाई, तुमच्या शब्दावर आमचा विश्वास आहे. फक्त कागदोपत्री हवं म्हणून — सूचना कोणत्या तारखेला दिली, कोणत्या शब्दांत, तेवढं लिहून द्या. सोमवारी यांच्या आदेशावर सही करून टाकतो."

म्हटलं, तारखेसकट देते. रोज लिहायची सवय आहे मला.

बाहेर व्हरांड्यात टायवाले उभे होते. टाय नव्हता आज. गळा उघडा पडलेला, कॉलेजातल्या पोरासारखा. मला वाट दिली. जाता जाता म्हणाले, "बाई, नववीचं सल्फ्युरस राहिलंय माझ्या तुकडीचं. मी नसलो तर तेवढं घ्याल?"

मी सरळ फाटकाकडे चालू लागले.

आता मागची पानं उलटून तारीख काढते.

शनिवार, १५ फेब्रुवारी

सहा तारखेचं पान आहे. सगळं आहे त्यात. त्यांचा प्रश्न, माझं उत्तर, त्यांचे लाल कान, मला वाटलेलं समाधान. माझीच शाई. पाणी हा शब्द त्या पानावर नाही. मावशी रजेवर होत्या, आणि पाणी भरायचं हे टायवाल्यांना मी सांगितलं नाही.

यांना वाचायला दिलं. वाचून झाल्यावर वही मिटून माझ्या हातात दिली. 'असेल' म्हणाले नाहीत.

सोमवारी ही वही सचिवांच्या टेबलावर ठेवायची. एक पान नाही, सगळी. पुठ्ठा कोरा होता. चाचणीच्या चिठ्ठ्यांतली एक उरली होती, त्यावर काळ्या शाईत माझं पूर्ण नाव लिहिलं आणि चिकटवली.